अ‍ॅनारोजेनचं पाकीट, अडीच लिटरचा जार आणि पित्ताशयातलं पित्त

ऑक्सॉइडचं अ‍ॅनारोजेन पाकीट (जारातला ऑक्सिजन शोषणारं), त्याच मापाचा घट्ट झाकणाचा जार आणि ऑक्सिजन आहे की नाही ते रंगाने दाखवणारी रेझाझुरिनची इंडिकेटर पट्टी एवढ्या सामानात जिल्ह्याच्या ठिकाणच्या मध्यम लॅबलाही पित्ताचं अ‍ॅनारोबिक कल्चर, म्हणजे हवेशिवाय वाढणारे जंतू (अ‍ॅनारोब) उगवून पाहण्याची तपासणी, नीट लावता येतं. गॅसचे सिलिंडर लागत नाहीत, व्हॅक्यूम पंप लागत नाही, पॅलेडियमची जाळी भाजत बसावं लागत नाही. जाराला आमचे पैकीच्या पैकी गुण. तरीही असा जार असलेल्या लॅबमधून पित्ताचे बरेच रिपोर्ट ‘नो अ‍ॅनारोबिक ग्रोथ’ म्हणून बाहेर पडतात. त्यातले काही खरे असतात. उरलेल्यांत जंतू होते, पण ऑपरेशन थिएटर ते लॅब या वाटेतच मेले. म्हणून या परीक्षणात जाराइतकीच जागा सिरिंजला आणि वॉर्डबॉयच्या फेरीला दिली आहे.

आधी पित्ताशयाकडे पाहू, कारण हा जार कोणाच्या पित्तासाठी उघडायचा हे तिथून ठरतं. अक्यूट कोलेसिस्टायटिस, म्हणजे पित्ताशयाला अचानक आलेली सूज, दहातल्या नऊ रुग्णांत खड्यामुळे सुरू होते. सिस्टिक डक्टच्या (पित्ताशयातून निघणाऱ्या नळीच्या) तोंडाशी खडा अडकतो, पित्त कोंडतं, आतला दाब वाढतो, पित्तातल्या लेसिथिनचं लायसोलेसिथिन होतं आणि ते आतल्या अस्तराला भाजून काढतं. या टप्प्यावर जंतूंचा काही संबंध नसतो. जंतू येतात ते नंतर, साचलेल्या पित्तात आणि रक्तपुरवठा कमी झालेल्या भिंतीत. टोकियो मार्गदर्शक तत्त्वांच्या (पित्तमार्गाच्या संसर्गांवरच्या उपचार-सूचनांच्या) २०१८ च्या आवृत्तीत अक्यूट कोलेसिस्टायटिसमध्ये पित्ताचं कल्चर पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण २९ ते ५४ टक्के दिलं आहे. सूज आली म्हणजे जंतुसंसर्ग झालाच, हे समीकरण म्हणूनच चुकीचं आहे.

पित्तात जे जंतू सापडतात त्यांत ई. कोलाय सगळ्यांत पुढे, मग क्लेबसिएला आणि एन्टरोकॉकस. पित्तमार्गाच्या संसर्गांत अ‍ॅनारोबचा वाटा ४ ते २० टक्के धरला जातो. खालच्या आणि वरच्या आकड्यांत पाचपट अंतर आहे. त्यातलं काही रुग्णारुग्णांतल्या फरकामुळे पडतं आणि काही निव्वळ सॅम्पल कसं घेतलं आणि कसं नेलं यामुळे. अ‍ॅनारोब सहसा एकटे येत नाहीत. ई. कोलाय आधी पोचतो, उरलासुरला ऑक्सिजन संपवतो, आणि त्याने तयार करून दिलेल्या जागेत बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स, कधी फ्यूसोबॅक्टेरियम मुक्कामाला येतात. एरवी जंतूंना मारणारे पित्ताचे क्षार फ्रॅजिलिसला मानवतात. मीडियात (जंतू वाढवायच्या माध्यमात) २० टक्के पित्त घातलं तर तो जास्त जोमाने वाढतो, आणि त्याची ओळखच त्यावरून करतात. १९८९ मध्ये वर्णन झालेल्या एका अ‍ॅनारोबचं तर नावच बायलोफिला, म्हणजे पित्ताची आवड असलेला.

हे जंतू पित्ताशयात शिरतात ते बहुतेक आतड्यातून. पित्तनलिकेच्या टोकाचा ओडीचा स्नायू बंद असेल, पित्त वाहतं असेल, तर वरचा भाग जवळपास निर्जंतुक राहतो. ईआरसीपीत, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेवर केलेल्या उपचारात, तो स्नायू कापला, स्टेंट टाकला, किंवा पित्तनलिका थेट आतड्याला जोडली की दार उघडंच राहतं. अशा रुग्णांच्या पित्तात अ‍ॅनारोब शोधायचे नाहीत तर कोणाच्या?

पाकिटात काय आहे आणि ते कसं वागतं

जुनं गॅसपॅक ज्यांनी वापरलं आहे त्यांना आठवत असेल: पाकिटाचा कोपरा कापा, १० मिली पाणी घाला, सोडियम बोरोहायड्राइडमधून हायड्रोजन निघेल, तो झाकणाखालच्या पॅलेडियम धातूच्या कॅटॅलिस्टवर ऑक्सिजनशी संयोग पावून पाणी होईल. पद्धत चांगली होती, पण सगळा भार पॅलेडियमच्या गोळ्यांवर. त्या ओल्या झाल्या किंवा जंतूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडने मारल्या गेल्या की जार गपचूप नापास व्हायचा. दर वापरानंतर त्या १६० अंशांच्या ओव्हनमध्ये दीड-दोन तास ठेवायच्या, हा नियम कागदावर सगळ्यांकडे होता.

अ‍ॅनारोजेनमध्ये ही भानगड नाही. कागदी पाकिटात मुख्यतः अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल असतं. हवा लागताच ते ऑक्सिजन शोषतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. पाणी नाही, कॅटॅलिस्ट नाही, हायड्रोजन नाही, त्यामुळे स्फोटाची भीतीही नाही. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे अर्ध्या तासात जारातला ऑक्सिजन १ टक्क्याच्या खाली येतो आणि कार्बन डायऑक्साइड ९ ते १३ टक्क्यांदरम्यान स्थिरावतो. तो वाढलेला कार्बन डायऑक्साइड बोनस समजावा, कारण अनेक अ‍ॅनारोबना तो लागतोच.

वापरायची रीत सोपी आहे, पण क्रम मोडायचा नाही. प्लेट (जंतू वाढवायच्या अगार-जेलच्या थाळ्या) आधी रचायच्या, उलट्या, म्हणजे झाकणावर जमलेलं पाणी वाढीवर पडणार नाही. २.५ लिटरच्या जारात ९० मिलिमीटरच्या बारा प्लेट मावतात. मग इंडिकेटरची पट्टी फॉइलमधून काढून बाहेरून दिसेल अशी लावायची. झाकण हाताशी ठेवायचं. सगळं तयार झाल्यावरच बाहेरचं फॉइल फाडायचं, आतलं कागदी पाकीट क्लिपमध्ये सरकवायचं आणि झाकण आवळायचं. फॉइल फाडल्यापासून झाकण बंद होईपर्यंत एक मिनिट, त्याहून जास्त नाही. पाकीट हातात कोमट लागलं तर ते टेबलावरच कामाला लागलं असं समजा. ते खोलीतला ऑक्सिजन खात बसलंय, जारासाठी त्याच्यात दम उरणार नाही. नवीन पाकीट घ्या. जार बंद केल्यावर पाकीट तापतं ते ठीक. प्लेट आणि पाकीट यांच्यात मात्र बोटभर जागा असू द्या.

बिघाडाची कारणं मोजकीच आहेत आणि बहुतेक हाताच्या चुका. सगळ्यांत जास्त दिसणारी म्हणजे मापाची गफलत. ३.५ लिटरच्या जारात २.५ लिटरचं पाकीट घातलं तर ऑक्सिजन पुरता संपत नाही. फ्रॅजिलिससारखे थोडी हवा सोसणारे कदाचित उगवतील, नाजूक जंतू उगवणार नाहीत, आणि रिपोर्ट अर्धाच खरा निघेल. दुसरं, झाकणाची रबरी गास्केट. तिला बारीक चीर गेली, किंवा तिच्यावर अगारचा सुका तुकडा चिकटला, की हवा आत शिरते. महिन्यातून एकदा गास्केट काढून पुसावी, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. तिसरं, मुदत संपलेली किंवा फॉइलला टोचण लागलेली पाकिटं. फॉइलमधलं पाकीट दाबून कडक, गठ्ठा झाल्यासारखं लागलं तर टाकून द्या.

इंडिकेटरकडे पाहायची एक शिस्त आहे. रेझाझुरिन ऑक्सिजन असताना गुलाबी, गेल्यावर पांढरं. मेथिलीन ब्लूची पट्टी निळ्यावरून पांढरी होते. दोन्हींचा रंग ऑक्सिजन गेल्यावर लगेच जात नाही, काही तास लागतात. म्हणून जार बंद करून पंधरा मिनिटांनी ‘अजून गुलाबीच आहे’ म्हणून झाकण उघडणं हा मूर्खपणा. संध्याकाळी लावलेला जार सकाळी पहिल्यांदा बघायचा. सकाळी पट्टी गुलाबी असेल तर त्या प्लेटवरून ‘नो ग्रोथ’ लिहायचं नाही. राखून ठेवलेल्या सॅम्पलमधून पुन्हा प्लेट लावायच्या. राखलेलं सॅम्पल नसेल तर ‘तपासणी ग्राह्य नाही’ असं स्पष्ट लिहायचं. रंगापेक्षाही खात्रीचा साक्षीदार म्हणजे जारात ठेवलेली स्युडोमोनास एरुजिनोसाची एक प्लेट. साध्या ब्लड अगारवर त्याला हवा लागतेच. तो उगवला तर जार गळतोय. सोबत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स किंवा फ्रॅजिलिसची ठरलेली कंट्रोल प्लेट असावी, म्हणजे दुसरी बाजूही तपासली जाते.

पाकीट एकदाच वापरता येतं, आणि दोन प्लेट घाला की बारा, ते एकच खर्ची पडतं. मधेच जार उघडला तर नवं पाकीट. एखाद-दुसरा नमुना येणाऱ्या लॅबने दोन-चार प्लेटची छोटी कॉम्पॅक्ट पाकिटं आणि त्यांच्या पिशव्या घ्याव्यात. चोवीस तासांनी एकच प्लेट बाहेर काढायची असली तरी बाकीच्या पिशव्यांतल्या प्लेटना हवा लागत नाही. आकड्यांत अशा पिशवीचा दर प्लेटमागे महाग वाटेल, पण कमी नमुन्यांच्या लॅबला वर्षअखेरीस तीच स्वस्त पडते. मुंबईच्या हायमीडियाची देशी पाकिटंही बाजारात मिळतात. कोणत्याही ब्रँडचं पाकीट घ्या, जार आणि पाकीट एकाच मापाचं असल्याची खात्री दुकानातच करा.

आणखी एक गोष्ट सांगायची राहायला नको. कँडल जार म्हणजे अ‍ॅनारोबिक जार नव्हे. मेणबत्ती विझते तेव्हाही आत १६-१७ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. कार्बन डायऑक्साइड ३ टक्क्यांच्या आसपास वाढतो एवढंच. त्यात लावलेल्या पित्ताच्या प्लेटवर अ‍ॅनारोब उगवला नाही, यावरून काहीही सिद्ध होत नाही.

खरा बिघाड: थिएटर ते लॅब

शस्त्रक्रियेत पित्ताशय पकडीत येत नाही इतकं फुगलेलं असेल तर सर्जन आधी सुईने पित्त ओढून ते मोकळं करतात. अ‍ॅनारोबिक कल्चरसाठी याहून चांगला क्षण दुसरा नाही. निर्जंतुक सिरिंजमध्ये ५ ते १० मिली पित्त थेट पित्ताशयातून घ्यायचं. सक्शनच्या नळीतून बाटलीत गेलेलं पित्त चालत नाही, आणि पोट धुतल्यानंतर खाली साचलेलं पाणीही नको. रुग्ण शस्त्रक्रियेला योग्य नसेल आणि सोनोग्राफीखाली पर्क्युटेनियस ड्रेन (त्वचेतून घातलेली निचऱ्याची नळी) टाकला असेल, तर नळी बसताक्षणी निघालेलं पहिलं पित्त घ्या. दोन दिवसांनी पिशवीतून घेतलेल्या पित्तात नळीवर वस्ती करणारे जंतू उगवतात, आणि सर्जन त्यांच्यावर उगाच औषधं देत बसतात.

सिरिंजमधली हवा टोकाशी गॉज धरून बाहेर काढायची, सुई सुरक्षितपणे काढून टाकायची आणि निर्जंतुक टोपण लावायचं. सुई लावलेली सिरिंज लॅबने घेऊ नये. प्लास्टिकमधूनही ऑक्सिजन हळूहळू झिरपतो, म्हणून सिरिंज अर्ध्या तासात लॅबमध्ये हवी. ती तिथे पोचणार नसेल तर अ‍ॅनारोबिक ट्रान्सपोर्टची व्हायल वापरावी. आत आधीच ऑक्सिजन काढून टाकलेलं जेलसारखं माध्यम आणि रेझाझुरिन असतं. जेल रंगहीन असेल तरच वापरायची. वरचा अर्धा भाग गुलाबी झाला असेल तर ती व्हायल फुकट गेली. रबरी बुचातून सुई घालून पित्त जेलच्या आत हळू सोडायचं, वरून ओतायचं नाही.

मग फ्रिजचा प्रश्न. ‘सॅम्पल खराब होऊ नये म्हणून’ थिएटरमधली सिस्टर ते फ्रिजमध्ये ठेवते. हेतू चांगला, परिणाम उलटा. थंड द्रवात ऑक्सिजन जास्त विरघळतो आणि अ‍ॅनारोब मरतात. खोलीच्या तापमानालाच ठेवा. उन्हात तापलेल्या दुचाकीच्या डिकीत मात्र नाही. स्वॉबबद्दल तर फार बोलायला नको: कापसात हवा असते, पित्त थोडं येतं, सुकतं. सर्जनने स्वॉबच पाठवला तर लॅबने नम्रपणे परत पाठवावा आणि कारण लिहून द्यावं.

रुग्णाला शस्त्रक्रियेआधी अँटिबायोटिक दिलेलं असतं, आणि ते द्यायलाच हवं. त्यामुळे कल्चरची शक्यता कमी होते, शून्य होत नाही. सॅम्पल तरीही घ्या आणि फॉर्मवर कोणतं औषध किती वाजता दिलं ते लिहा. भिंत काळी पडली असेल, फाटली असेल किंवा तिच्यात वायू असेल, तर टोकियोच्या सूचनेप्रमाणे पित्तासोबत भिंतीचा तुकडाही पाठवावा. तो फॉर्मलिनमध्ये टाकला तर पॅथॉलॉजीचा, कल्चरसाठी कायमचा गेला. दोन वेगळे डबे ठेवा आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत लिहा.

काही ठिकाणी पित्त थेट ब्लड कल्चरच्या अ‍ॅनारोबिक बाटलीत घालतात. थिएटर लांब असेल, रात्र असेल, तर हा मार्ग वाईट नाही, जंतू जिवंत राहतात. पण तो एकट्याने पुरा पडत नाही. बाटली मुळात रक्तासाठी बनवलेली आहे. तिच्यातून थेट ग्राम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) करता येत नाही, किती जंतू होते ते कळत नाही, आणि दोन-चार ई. कोलायही रातोरात बाटली भरून टाकतात, त्याखाली फ्रॅजिलिस गाडला जातो. बाटली घातलीच तर सिरिंजमधलं उरलेलं पित्तही सोबत पाठवा. आणि बाटलीचा बजर वाजल्यावर तिच्यातून अ‍ॅनारोबिक प्लेटही लावा. फक्त हवेतल्या मॅकॉन्की प्लेटवर ई. कोलाय दिसला म्हणून काम संपवणाऱ्या लॅब थोड्या नाहीत.

प्लेट लावण्याआधी काच

या सगळ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर उत्तर देणारी तपासणी जारात होतच नाही. ती म्हणजे ग्राम स्टेन. पित्ताचा थेंब सेंट्रिफ्यूज करून काचेवर घ्यायचा, वीस मिनिटांत उत्तर. जाड, चौकोनी कडांच्या, रेल्वेच्या डब्यांसारख्या ग्राम पॉझिटिव्ह काड्या दिसल्या आणि पू-पेशी जवळजवळ नाहीत, तर प्लेटची वाट न पाहता सर्जनला फोन करा. ते क्लॉस्ट्रिडियम असू शकतात, आणि पू-पेशी नसणं हे चांगलं लक्षण नाही: त्यांचं विष पांढऱ्या पेशींनाच मारतं. तेच विष लेसिथिन फोडतं आणि ते रक्तात पोचलं तर लाल पेशीही फुटायला लागतात. बायोकेमिस्ट्रीच्या टेबलावर त्याच रुग्णाचा सीरम लालभडक आला असेल, आणि ‘हिमोलाइझ्ड, पुन्हा पाठवा’ म्हणून परत गेला असेल, तर दोन टेबलांनी एकमेकांशी बोलावं.

काचेवर तीन प्रकारचे जंतू आणि साध्या प्लेटवर फक्त ई. कोलाय, असं आलं तर उरलेले कुठे गेले हे विचारलंच पाहिजे. पित्ताचा रंगही उपयोगी. पाण्यासारखा पांढरट चिकट द्रव म्हणजे फार दिवस तोंड बंद असलेल्या पित्ताशयातला म्युकस. पित्ताचा रंग शोषला गेलेला असतो आणि त्यात बहुतेकदा जंतू नसतात. दाट पू म्हणजे एम्पायमा. सॅम्पल हुंगायचं नसतं, पण अ‍ॅनारोब असतील तर वास स्वतःच सांगतो.

प्लेटचा संच एवढा पुरे: हेमिन आणि व्हिटॅमिन के-१ घातलेला ब्लड अगार, त्यातलं हेमिन मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम, ग्राम निगेटिव्ह वेगळे करायला कॅनामायसिन-व्हॅन्कोमायसिनची लेक्ड ब्लड प्लेट, आणि फ्रॅजिलिससाठी बॅक्टेरॉइड्स बाइल एस्क्युलिन अगार. क्लॉस्ट्रिडियमचा संशय असेल तर एग योक अगार. सोबत एक नळी रॉबर्टसनच्या कुक्ड मीटची, कारण जार फसला तरी तिच्यात काहीतरी तग धरून राहतं. प्लेट ताज्या असाव्यात, किंवा आदल्या दिवशी जारात ठेवून हवा काढलेल्या. फ्रिजमध्ये पंधरा दिवस सुकलेल्या प्लेटमध्ये तयार झालेले ऑक्सिडाइज्ड पदार्थ जारातली हवा काढून जात नाहीत. पहिल्या ब्लड प्लेटच्या दाट भागावर ५ मायक्रोग्रॅमची मेट्रोनिडाझोलची डिस्क ठेवा. तिच्याभोवती मोकळं वर्तुळ दिसलं की गर्दीतही अ‍ॅनारोब कुठे आहेत ते हेरता येतं. साध्या प्लेट मात्र बाहेर नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये लावायच्याच. दोन्हींची तुलना केल्याशिवाय अ‍ॅनारोब ठरत नाही.

जार ३५ ते ३७ अंशांना ४८ तास न उघडता ठेवायचा. अपवाद क्लॉस्ट्रिडियमच्या संशयाचा. त्याची वेगळी पिशवी लावून चोवीस तासांनी पाहायची. ब्लड अगारवर आत पूर्ण आणि बाहेर अर्धवट असं रक्त विरघळल्याचं दुहेरी वर्तुळ दिसलं तर ओळख जवळपास पटली. बाइल एस्क्युलिनवर एक मिलिमीटरहून मोठी, काळी पडलेली कॉलनी म्हणजे फ्रॅजिलिसचा गट, पण इथे घसरायला जागा आहे. त्या प्लेटमधलं जेंटामायसिन ई. कोलायला रोखतं, मात्र प्रतिकारशक्ती मिळवलेला क्लेबसिएला आणि बारीक कॉलनीचा एन्टरोकॉकस त्यावर उगवतात आणि तेही काळे पडतात. आपल्याकडच्या रुग्णालयांत असे क्लेबसिएला दुर्मीळ नाहीत. म्हणून प्रत्येक कॉलनीची हवेत आणि बिनहवेत अशी जोडीने चाचणी करा. मग माल्डी-टॉफ (जंतू झटपट ओळखणारं यंत्र) जवळ असेल तर नाव लगेच मिळतं. ४८ तासांनी काही नसेल तर पुन्हा बंद करून पाचव्या दिवसापर्यंत थांबायचं. भारनियमनात इन्क्युबेटर तासन्‌तास बंद पडत असेल तर वाचनाची वेळ एक दिवस पुढे ढकला, किंवा इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर घ्या.

ग्लोव्ह चेंबरशी (हातमोजे बसवलेल्या बिनहवेच्या पेटीशी) तुलना केली तर जार दोन बाबतींत हरतो. प्लेट बघायला बाहेर काढल्या की हवा लागते, आणि अति नाजूक जंतू त्यात जातात. दुसरं, दर दिवशी डझनभर नमुने आले तर पाकिटांचा खर्च चेंबरच्या गॅसच्या खर्चाहून जास्त होतो. पण पित्ताशयातून येणारे मुख्य अ‍ॅनारोब, परफ्रिन्जेन्स आणि फ्रॅजिलिस, काही मिनिटांची हवा सोसतात. नुसत्या पित्तासाठी चेंबर घ्यायची गरज नाही.

रिपोर्टचा उपयोग कोणाला

अ‍ॅनारोबचं नाव हातात येतं ते चौथ्या-पाचव्या दिवशी. साध्या कोलेसिस्टायटिसचा रुग्ण तोवर पित्ताशय काढून घरी गेलेला असतो. टोकियोच्या सूचनांप्रमाणे ग्रेड एकच्या (सर्वांत सौम्य, ग्रेड तीन सर्वांत गंभीर), घरून आलेल्या रुग्णाचं पित्त कल्चरला पाठवायची गरज नाही, आणि ग्रेड एक व दोनमध्ये अँटिबायोटिकही शस्त्रक्रियेच्या वेळेपर्यंतच. अशांसाठी जार उघडू नका, पाकीट वाचवा. जार उघडायचा तो ग्रेड दोनपासून पुढे: पांढऱ्या पेशी १८,००० च्या वर, तीन दिवस उलटून गेलेले, उजव्या बरगडीखाली हाताला गाठ लागणारे, अवयव साथ सोडू लागलेले. स्टेंटवाले, पित्तनलिका आतड्याला जोडलेले, भिंत फाटलेले, यकृतात गळू झालेले रुग्ण ग्रेड न बघता यादीत घ्या.

आणि एम्फायसेमॅटस कोलेसिस्टायटिस. पित्ताशयाच्या भिंतीत किंवा पोकळीत वायू. मधुमेही, बहुतेकदा पुरुष, वय पन्नाशीच्या पुढे. पुष्कळदा खडाच नसतो, कारण मूळ दुखणं सिस्टिक धमनीतल्या रक्तपुरवठ्याचं. सोनोग्राफीत वायू आतड्याचा समजून सुटू शकतो, सीटीत चुकत नाही. इथे क्लॉस्ट्रिडियम, ई. कोलाय, क्लेबसिएला असे सगळेच संशयित. मृत्यूचं प्रमाण १५ ते २५ टक्के सांगितलं जातं, साध्या कोलेसिस्टायटिसच्या कित्येक पट. इथे रिपोर्टची वाट कोणी पाहत नाही. अ‍ॅनारोबवर चालणारं औषध आणि पित्ताशय काढणं किंवा निचरा करणं त्याच दिवशी. कल्चर नंतर औषध आवरतं घ्यायला कामाला येतं.

आवरतं घ्यायची गरज आहेच. पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम, मेरोपेनेम, आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं सेफोपेराझोन-सल्बॅक्टम, ही सगळी अ‍ॅनारोबवर स्वतःच चालतात. त्यांच्या जोडीला मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी लावून ठेवलेलं केसपेपरवर वारंवार दिसतं. अ‍ॅनारोबला सहसा दोन औषधं लागत नाहीत, रुग्णाला मात्र तोंडाला धातूची चव आणि मळमळ मिळते, आणि वॉर्फरिन चालू असेल तर रक्त जास्तच पातळ होतं. सेफ्ट्रियाक्सोनच्या जोडीला मेट्रोनिडाझोल देणं बरोबर आहे, पण तेही गरज असेल तर. २०१० च्या अमेरिकन सूचना याबाबत कडक आहेत: पित्तनलिका आतड्याला जोडलेली नसेल तर अ‍ॅनारोबसाठी वेगळं औषध नको. टोकियोच्या सूचनांप्रमाणे ग्रेड तीनमध्ये अँटिबायोटिक निचरा किंवा शस्त्रक्रिया झाल्यापासून ४ ते ७ दिवस, रक्तात ग्राम पॉझिटिव्ह कॉकाय (गोल जंतू) सापडले तर किमान दोन आठवडे. क्लिंडामायसिनवर विसंबू नका, फ्रॅजिलिसच्या गटात त्याला प्रतिकार फार वाढला आहे. आणि जारातून आलेल्या जंतूवर साध्या डिस्कने सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध चालतं याची चाचणी) लावून ‘एस’ आणि ‘आर’ लिहू नका. अ‍ॅनारोबसाठी अगार डायल्यूशन, ई-टेस्ट किंवा त्यांच्यासाठीच ठरवलेली वेगळी पद्धत लागते. ती सोय नसेल तर नाव लिहून थांबावं.

खरेदी करायचीच असेल तर एक २.५ लिटरचा जार, दहा पाकिटांचा एक डबा, इंडिकेटरच्या पट्ट्या, थिएटरमध्ये ठेवायला ट्रान्सपोर्टच्या वीस व्हायल आणि एक सुटी गास्केट, एवढ्यावर सुरुवात करा. व्हायल लॅबमध्ये नाही, थिएटरच्या कपाटात ठेवा, आणि दर महिन्याला त्यांचा रंग पाहायची जबाबदारी एका सिस्टरच्या नावाने लिहा. वापरलेलं पाकीट जार उघडल्यावर हवा लागून पुन्हा तापू शकतं. ते लगेच कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, तासभर स्टीलच्या ट्रेमध्ये थंड होऊ द्या.